पुण्याहून वाई, मेणवली आणि प्रतापगड : एका दिवसाच्या खासगी सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात हे सगळं खरंच होतं का?

होतं, पण इतकंच होतं. पुण्यातून सुरूर फाट्यावरून वाई साधारण ९० किलोमीटर. वाईतून पसरणी घाट चढून पाचगणी १२-१३, तिथून महाबळेश्वर १९ आणि पुढे आंबेनळी घाटाच्या रस्त्याने कुंभरोशीवरून प्रतापगडचा वाहनतळ आणखी २२-२४ किलोमीटर. जाऊन-येऊन २९० ते ३०० किलोमीटर भरतात. हमरस्त्यावर शंभर किलोमीटरला दीड तास धरणारा माणूस इथे हमखास चुकतो. महाबळेश्वर ते गड हे अंतर कागदावर छोटं दिसतं, पण एका घाटाने खाली उतरायचं आणि परत गडाच्या डोंगरावर चढायचं, त्यामुळे पाऊण तास जातोच. पूर्ण दिवसात गाडीचं चाक नऊ-साडेनऊ तास फिरतं. उरलेल्या सहा-सात तासांत गड, मेणवलीचा वाडा आणि वाईचे नदीकाठचे घाट नीट बघून होतात. त्यात महाबळेश्वरचे पॉइंट, पाचगणीचं टेबललँड आणि बोटिंग घातलं, की कशालाच अर्ध्या तासाहून जास्त मिळत नाही.

आधी गड करायचा की आधी वाई?

आधी गड. वाई वाटेत आधी लागते म्हणून बहुतेक जण तिथे थांबतात, दोन तास रमतात आणि मग साडेबाराच्या उन्हात प्रतापगडच्या पायऱ्या चढतात. शिवाय अकरानंतर पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायला सुरुवात होते, ती जाताना एकदा आणि येताना एकदा अशी दोनदा भोगावी लागते. उलट सकाळी नाश्त्यापुरतं वाईत थांबून थेट वर गेलात, तर नऊ-साडेनऊला महाबळेश्वर रिकामंच पार होतं, गडावर हवा थंड असते आणि खोऱ्यातलं धुकं विरत असतं. मेणवलीचा घाट आणि वाईचं ढोल्या गणपतीचं देऊळ उतरत्या उन्हातच बघावं. काळ्या दगडाच्या पायऱ्या दुपारी तापलेल्या असतात, पाचनंतर त्यांच्यावर बसवतं.

मग दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

पहाटे ५.३० ला पुणे सोडायचं. सहाच्या आत कात्रज ओलांडलं, तर खेड-शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी घाट दोन्ही अडवत नाहीत. आठच्या सुमारास वाई, नाश्ता, प्रसाधनगृह. ८.५० ला पाचगणी, ९.२५ ला महाबळेश्वर, सव्वादहाला प्रतापगडचा वाहनतळ. गडावर पावणेतीन तास. एक वाजता खाली उतरून पायथ्याशीच पिठलं-भाकरी. चढण्याआधीच किती माणसं आणि किती वाजता हे सांगून ठेवा, नाहीतर भाकऱ्या थापून होईपर्यंत पाऊण तास बसून राहावं लागतं. पावणेदोनला निघालं, की चारला मेणवली, साडेपाचला वाई आणि साडेसहाला परतीचा रस्ता. सव्वानऊपर्यंत पुणं.

डिसेंबरात इकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. म्हणून हिवाळ्यात दुपारचं जेवण लांबलं, तर मार थेट मेणवलीवर बसतो.

गाइड लागतोच का? गडावर पाट्या आहेत, इतिहास तर सगळ्यांना पाठ आहे.

अफझलखान वधाची गोष्ट पाठ असते, भूगोल नसतो. आणि प्रतापगड हा भूगोल कळल्याशिवाय कळतच नाही. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगोलग भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली हा गड उभा राहिला. तो इथेच का, याचं उत्तर तटावर उभं राहून मिळतं. खाली कोयनेचं खोरं दिसतं, पार गाव दिसतं, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा कुठून जातात ते दिसतं. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाचं सैन्य खाली पारच्या परिसरात, भेटीचा शामियाना गडाच्या खालच्या सोंडेवर आणि मावळे भोवतीच्या जंगलात, हे तिन्ही बोटाने दाखवल्यावर गडावरून तोफेचा इशारा कशासाठी होता ते मुलांनाही चटकन समजतं.

चांगला गाइड ओळखायची एक खूण आहे. तो महादरवाज्यापाशी थांबतो. दार समोरून दिसत नाही, बुरुजांच्या कुशीत वळण घेऊन मग सापडतं. हत्तीला धडक मारायला धाव मिळू नये आणि वरून मारा करता यावा म्हणून ही रचना. जो हे न दाखवता थेट पुतळ्याकडे नेतो, त्याला गड दाखवायचा नसतो, उरकायचा असतो. आणखी एक : दंतकथा सांगायला हरकत नाही, पण ‘असं लोक सांगतात’ आणि ‘असं कागदात आहे’ हे दोन वेगळं करून सांगणारा गाइड निवडा. बुकिंगच्या फोनवरच विचारा, ‘खानाची छावणी नेमकी कुठे होती?’ उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं.

गाइड पुण्यापासून बरोबर घ्यावा की वाईहून?

वाईहून घेतलेला परवडतो. सकाळी नाश्त्याच्या वेळी तो गाडीत बसतो, संध्याकाळी शेवटचा थांबा वाईच असल्यामुळे तिथेच उतरतो. त्याच्या जाण्या-येण्याचा वेगळा खर्च पडत नाही आणि हमरस्त्यावरचे पाच तास त्याच्या मानधनात मोजले जात नाहीत. फक्त एक ठरवून घ्या : त्याची जागा. हा मुद्दा इतक्या वेळा राहून जातो, की पुढचा प्रश्न त्याच्यासाठीच आहे.

गाडी कोणती घ्यावी?

माणसं मोजताना गाइडला धरा. डिझायरसारख्या सेडानमध्ये चालक सोडून चार जागा, म्हणजे तुम्ही तिघंच. चौघं असाल तर अर्टिगा किंवा इनोव्हा घ्यावीच लागते. अर्टिगात सहा जागा असल्या, तरी शेवटच्या रांगेत बसणाऱ्याला पसरणी घाटात सगळ्यात आधी मळमळतं, कारण मागच्या चाकांवरचा झोका तिथे जास्त लागतो आणि समोरचा रस्ता दिसत नाही. पाच माणसं आणि गाइड ही अर्टिगाची मर्यादा समजा आणि मागे धडधाकट तरुणांना बसवा.

सीएनजी गाडी स्वस्त पडते, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. डिकीत टाकी असल्याने सामानाला जागा उरत नाही आणि भरल्या गाडीत एसी लावून घाट चढताना इंजिन दमतं. चालक एसी बंद करायला सांगतो तेव्हा तो कंजूषपणा करत नसतो. सीएनजीच्या रांगेत पाऊण तास गेला, तर अख्खं वेळापत्रक घसरतं. टाकी आदल्या रात्री भरून ठेवायला सांगा आणि महाबळेश्वरच्या पुढे गडापर्यंत पंपाची आशा धरू नका.

नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने नेणं नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला, तर विम्याची कंपनी नेमकं तेच बोट दाखवून हात वर करते.

भाडं कसं मोजतात? शेवटी आकडा का वाढतो?

बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायची पद्धत आहे. तुमची सहल २९० झाली, तरी ३०० चेच पैसे. पण मोजणी बहुतेक ठिकाणी ‘गॅरेज ते गॅरेज’ असते. गाडी तुमच्या घरी येईपर्यंत १२ आणि सोडून परत जाईपर्यंत १२ किलोमीटर असतील, तर २९० चे ३१४ होतात आणि वरच्या चौदाचे पैसे वेगळे लागतात. यात फसवणूक नाही, फक्त आधी विचारलेलं नसतं. चालकाचा भत्ता, रात्रीचा जादा आकार नेमका किती वाजल्यापासून, टोल आणि पार्किंग कोणाकडे, हे चार मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. सुरूरला वळल्यामुळे आणेवाडीचा टोलनाका लागत नाही, फक्त खेड-शिवापूरचा लागतो. बिलात दोन्ही दिसले, तर विचारा. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या नगरपरिषदा प्रवेशाच्या नाक्यावर प्रवासी कर घेतात. पावती जपून ठेवा.

घाटात मुलांना उलट्या होतात. काय करावं?

रिकाम्या पोटी आणू नका आणि भरल्या पोटीही नको. वाईत इडली किंवा पोहे, तेलकट मिसळ परतीच्या वेळी. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा आणि नजर लांबच्या वळणावर ठेवायला सांगा. मोबाइल किंवा पुस्तक हातात असेल, तर डोळे सांगतात ‘आपण स्थिर आहोत’ आणि कान सांगतात ‘वळतोय’. त्या भांडणातूनच मळमळ उठते. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घाट लागल्यावर घेऊन उपयोग नाही, सुरूर फाटा यायच्या सुमारास पोटात गेलेली असावी. तिने झोप येते आणि लहान मुलांना किती द्यायची हे डॉक्टरांनीच सांगावं. चालकाला ‘हळू’ म्हणण्यापेक्षा ‘वळणात ब्रेक नको, वळणाआधी वेग कमी करा’ असं सांगा. फरक लगेच जाणवतो.

उतरताना जळका वास आला तर?

पसरणी घाट उतरताना, विशेषतः वाई खाली दिसायला लागल्यावर, हा वास बऱ्याच गाड्यांना येतो. चालक टॉप गियरमध्ये गाडी सोडतो आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, त्यामुळे पॅड तापतात. आणखी तापले, तर पेडल मऊ लागतं आणि दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरायचा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरायचा. वास आलाच, तर मोकळ्या जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं गाडी निववा. चाकावर पाणी ओतू नका; तापलेली डिस्क अचानक गार झाली, तर वाकते.

गडावर पायऱ्या किती? आजी-आजोबांना जमेल का?

गाडी बरीच वरपर्यंत जाते. वाहनतळापासून वरच्या टोकापर्यंत चारशे-साडेचारशे पायऱ्या धरा. पण त्या एकदम लागत नाहीत. गडाचे दोन भाग आहेत : सुमारे ३२० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद असा खालचा गड आणि त्याच्या वर बालेकिल्ला. भवानीमातेचं देऊळ खालच्या भागात आहे. गुडघे कुरकुरत असतील, तर तिथपर्यंत सावकाश येऊन दर्शन घ्यावं आणि सावलीत बसावं. महादेवाचं देऊळ आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा वर आहे. पुतळ्याचं अनावरण १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झालं होतं. बालेकिल्ल्यापर्यंत न गेलेल्या माणसाचा गड हुकला असं अजिबात नाही, खालच्या माचीवरचे बुरूज हाच गडाचा खरा देखणा भाग आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात प्रतापगड आहे.

उतार चढावापेक्षा जास्त दुखवतो. काठी बरोबर असू द्या आणि पावसाळ्यानंतर पहिले दोन महिने पायरीच्या कडेच्या शेवाळावर पाय देऊ नका.

वाघनखं आणि अफझलखानाची कबर बघता येते का?

वाघनखं गडावर नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०२४ मध्ये उसनी दिलेली वाघनखं आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली होती. तीच भेटीच्या वेळी वापरलेली होती, असा ठाम दावा लंडनचं ते संग्रहालयही करत नाही. कबरीचा परिसर बंदोबस्तात असतो आणि पर्यटकांना तिथे सोडत नाहीत. गाइडकडे त्यासाठी हट्ट धरू नका.

मेणवलीत नेमकं काय बघायचं?

वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांचा वाडा. सहा चौक, लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं. चित्रांवर फ्लॅश मारू नका आणि भिंतीला टेकू नका, रंगाचे पापुद्रे हाताला येतात. वाडा खासगी मालकीचा आहे. सगळ्या खोल्या उघड्या मिळतीलच असं नसतं, म्हणून आदल्या दिवशी गाइडला चौकशी करायला लावा.

वाड्यातून मागच्या बाजूने घाटावर उतरा. देवळाजवळ दगडी कमानीत एक घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन बघा : तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळादेवळांत पोचल्या, त्यातली ही एक. घंटा वाजवायचा मोह होतो, पण बोटं फक्त अक्षरांवरून फिरवा. तीनशे वर्षं झाली तरी उठाव हाताला लागतो. या एका वस्तूपाशी दहा मिनिटं द्यावीत असं आमचं मत आहे.

घाटावर चित्रीकरणं बरीच होतात. त्या दिवशी घाट अडवलेला असला, तर वाट बघत बसू नका, वाईला जा.

वाईत तासभर कशासाठी? गणपतीचं दर्शन दहा मिनिटांत होतं.

दर्शन होतं, देऊळ बघून होत नाही. सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाला बाहेरून प्रदक्षिणा घाला. मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेलेली दिसेल. कृष्णेचा पूर त्या टोकाशी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, म्हणून ती तशी आहे. नदीला अडवायचं नाही, वाट द्यायची, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला उमजलं होतं. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदी बघा, घोटून गुळगुळीत केलेला दगड आहे.

वाईला सात घाट आहेत आणि कृष्णाबाईचा उत्सव घाटोघाटी पाळीपाळीने होतो. तुम्ही हिवाळ्याच्या शेवटी गेलात, तर एखादा मांडव सापडेल. वाचणाऱ्या माणसाला आणखी एक कारण आहे : १९१६ मध्ये सुरू झालेली प्राज्ञपाठशाळा इथलीच आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं तेही इथेच.

महाबळेश्वरचा एक तरी पॉइंट घेता येईल का?

एकच हवा असेल, तर पॉइंट सोडा आणि क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जा. तिथून थोडं चालत कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथे गर्दी नसते. पण त्याला जायला-यायला धरून सव्वा तास लागतो आणि तो मेणवलीच्या उजेडातून कापला जातो. मार्च ते मे हे परवडतं, डिसेंबरात नाही. स्ट्रॉबेरी घ्यायचीच असेल, तर परतीच्या वाटेवर घ्या आणि डिकीत न ठेवता पायाशी ठेवा, पुण्यापर्यंत टिकते.

कोणत्या महिन्यात जावं? पावसाळ्यात काय?

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. पावसाळ्यात डोंगर वेड लावतो हे खरं, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्ये गडावर दहा पावलांपुढचं दिसत नाही. भूगोल बघायला जायचं आणि धुकं बघून यायचं. आंबेनळीत दरडी येतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट ठिकठिकाणी खचून बराच काळ बंद होता. हवामान खात्याने सातारा जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल, तर गड वगळून वाई-मेणवली करा किंवा तारीख बदला. ‘बघू, तिकडे गेल्यावर ठरवू’ हे घाटात चालत नाही, कारण अडकल्यावर मागे वळायला जागा नसते.

कोणते दिवस टाळावेत?

शनिवार, रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. रविवारी संध्याकाळी सुरूर ते पुणे हा रस्ता दीडपट वेळ घेतो. पौष पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा असते, तेव्हा वाईच्या वाहतुकीवर निर्बंध येतात. मार्गशीर्षात तिथीने गडावर शिवप्रतापदिन साजरा होतो. सोहळा बघायचा असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी शांतपणे गड समजून घेता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

बरोबर काय घ्यावं?

माणशी दीड लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट आणि हिवाळ्यात पहाटेसाठी एक स्वेटर. सुटे पैसे हवेतच, कारण कुंभरोशीच्या आसपास नेटवर्क येतं-जातं आणि यूपीआय गोल फिरत राहतं. त्याच कारणाने वाहनतळावर उतरतानाच चालकाशी जागा आणि वेळ ठरवा, ‘फोन करतो’ म्हणू नका. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली, की माकडं झडप घालतात. खाऊ पाठपिशवीत, चेन लावून. तीव्र अत्तर लावू नका, कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात.

मुंबईहून एका दिवसात करता येईल का?

नको. वाईपर्यंतच सव्वादोनशेच्या वर किलोमीटर होतात आणि रात्री घाटातून उतरून द्रुतगती मार्गावर डुलक्या घेणारा चालक हा या सहलीतला सगळ्यात मोठा धोका आहे. वाईत एक मुक्काम करा.

सहल रद्द करावी लागली तर पैसे परत मिळतात का?

हे बुकिंग करतानाच ठरतं, नंतर नाही. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा : तुम्ही रद्द केली तर काय, प्रशासनाने घाट बंद केला तर काय आणि वाटेत गाडी बिघडली तर दुसरी किती तासांत. मधल्या प्रश्नाचं उत्तर ‘पैसे परत’ याऐवजी ‘तारीख बदलून’ असं बहुधा मिळतं, ते रास्त आहे. मात्र बदललेली तारीख किती महिन्यांपर्यंत चालेल, हे त्याच निरोपात लिहून घ्या.